कॉइल नसताना चुंबक उलटतं कसं? आणि मग बाजूला छोटं चुंबक काहून ठेवावं लागतं?

वाइंडिंगवाला, आर्णी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात मोटर वाइंडिंगचं काम करतो. २९ वर्षं झाली. विहिरीवरच्या मोनोब्लॉक, बोअरच्या सबमर्सिबल, गिरणीच्या मोटरी, सगळ्या हाताखालून गेल्या. शिक्षण आयटीआय, वायरमन ट्रेड. प्रश्न थोडा लांब आहे, पण मनापासून विचारून राहिलो.

माझी पोरगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रोजेक्टमध्ये सिलिकॉनच्या तुकड्यावर एकावर एक थर आहेत. खाली ५ नॅनोमीटर प्लॅटिनम, त्यावर १ नॅनोमीटरपेक्षाही पातळ कोबाल्ट आणि वरून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं झाकण. थर दुसऱ्या संस्थेत बनून येतात, मोजमाप ती करते. दिवाळीला घरी आली तेव्हा दुकानात माझ्या स्टुलावर बसून तिनं वाइंडिंगच्या वहीत चित्र काढून दाखवलं. कोबाल्टच्या चुंबकाचं तोंड एकतर वर असतं, नाहीतर खाली. प्लॅटिनमच्या पट्टीतून करंट सोडला की तोंड बदलतं. मी विचारलं, कॉइल कुठं आहे? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, एक तरी वेढा असेल. म्हणाली, नाही बाबा, एकही नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. स्टेटरच्या पत्र्यांतलं चुंबक सेकंदाला १०० वेळा तोंड बदलतं, ५० सायकलची लाइन, प्रत्येक सायकलला दोनदा. पण ते होतं वेढ्यांमुळे. स्लॉटमध्ये ठरलेल्यापेक्षा चार वेढे कमी पडले तरी मोटर मला सांगते, गरम होऊन सांगते. माझं अर्धं आयुष्य वेढे मोजण्यात गेलं. मग वेढ्याशिवाय चुंबकाला वळवतं कोण? सरळ तारेभोवतीही थोडं चुंबकत्व असतं हे मला माहीत आहे. तेच का हे?

दुसरं म्हणजे करंट. ती म्हणते १० मिलिअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण पट्टी ५ मायक्रोमीटर रुंद आणि ५ नॅनोमीटर जाड. मी रात्री बसून हिशेब केला तर चौरस मिलिमीटरला ४ लाख अँपिअर आले. तीनदा केला, तेवढेच आले. मी तांब्याच्या तारेत चौरस मिलिमीटरला ४-५ अँपिअर धरतो. मग ती पट्टी जळत काहून नाही?

आणि तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. गव्हाच्या ओलिताचे दिवस, दुकानात सात मोटरी उघड्या पडल्या होत्या, पण तिचा आवाज ऐकून हात पुसले आणि बाहेर आलो. ती म्हणाली, नमुन्याच्या बाजूला एक छोटं चुंबक ठेवते तेव्हा करंटनं कोबाल्ट बरोबर उलटतो. ते चुंबक काढलं की काही ठरत नाही. कधी वर राहतो, कधी खाली, कधी अर्धा-अर्धा. सोबतच्या कोणीतरी तिला सांगितलं की नमुनाच खराब आहे, सहा महिने गेले. पोरगी रडकुंडीला आली होती. मला धीर देता आला नाही, कारण मलाच कळत नव्हतं. वीज चुंबकाला उलटवत असेल तर वर आणखी चुंबक काहून लागतं? नमुन्यात खरंच दोष आहे का?

देवळीची, प्लॅटिनमवाली

काका, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातली, देवळीकडची. पीएचडी याच विषयात झाली आणि अजून याच थरांवर काम करते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तुम्ही आजच फोन करू शकाल. नमुना खराब नाही. बाजूचं चुंबक काढल्यावर वर-खाली काही न ठरणं, हेच व्हायला हवं. तिला ते दिसलं म्हणजे तिचं मोजमाप चांगलं चाललंय. का, ते शेवटी सांगते, कारण त्याला थोडी तयारी लागते.

सरळ तारेभोवतीचं चुंबकत्व इथे आहे, पण काम त्याचं नाही. तुम्हाला हिशेब आवडतो म्हणून सांगते: ५ मायक्रोमीटर पट्टीत १० मिलिअँपिअर सोडले तर पट्टीला लागून साधारण सव्वा मिलिटेस्ला (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं माप) क्षेत्र येतं. आणि पट्टीच्या मधोमध ते आडवं असतं, या कडेकडून त्या कडेकडे. कोबाल्टला उलटायचंय वरून खाली. म्हणजे बळही थोडं आणि दिशाही चुकीची.

काम करतो तो इलेक्ट्रॉनचा स्पिन. प्रत्येक इलेक्ट्रॉनला विजेच्या भाराबरोबर स्वतःचं इवलंसं चुंबकत्व असतं. तांब्याच्या तारेत निम्म्यांचं तोंड एकीकडे, निम्म्यांचं उलट, सगळे मिसळलेले, त्यामुळे २९ वर्षांत तुम्हाला त्यांची दखल घ्यावी लागली नाही. प्लॅटिनमचा अणू जड, त्याच्या केंद्रात ७८ प्रोटॉन. अशा धातूत इलेक्ट्रॉनची चाल आणि त्याचा स्पिन एकमेकांशी बांधले जातात. करंट पट्टीच्या लांबीनं पुढे वाहत असताना एका तोंडाचे इलेक्ट्रॉन पट्टीच्या वरच्या पृष्ठभागाकडे सरकतात, उलट तोंडाचे खालच्या. खळ्यात उफणताना दाणा एकीकडे पडतो आणि कुटार दुसरीकडे उडतं, तशी ही निवड होते. वर जेवढे गेले तेवढेच खाली गेले, म्हणून उभ्या दिशेनं करंट शून्य. पण स्पिन मात्र वेगळे झाले. याला स्पिन हॉल परिणाम म्हणतात. द्याकोनोव्ह आणि पेरेल या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये तो कागदावर मांडला होता. प्रत्यक्ष दिसायला २००४ उजाडलं, तेही आधी अर्धवाहकात.

आता प्लॅटिनमच्या डोक्यावर कोबाल्ट बसलाय. वरच्या पृष्ठभागावर जमलेले ते एका तोंडाचे इलेक्ट्रॉन कोबाल्टमध्ये शिरतात आणि आपला पीळ त्याला देऊन टाकतात. कॉइल चुंबकाला दुरून ओढते. इथे पाना थेट नटाला लागलाय. पातळपणा एवढा का, हेही यातूनच कळतं. पीळ मिळतो तो प्लॅटिनमला लागलेल्या पृष्ठभागातून. कोबाल्ट ०.६ नॅनोमीटर असेल तर त्यात अणूंचे जेमतेम तीन थर, सगळ्यांना तो पुरतो. थर जाड केला तर तोच पीळ जास्त अणूंत वाटला जातो. शिवाय जाड कोबाल्टचं चुंबक वर तोंड करून उभं राहतच नाही, आडवं पडतं. त्याला उभं धरून ठेवतात ते वरचा ऑक्साइड आणि खालचा प्लॅटिनम, म्हणजे दोन्हीकडच्या सीमा.

करंटनं असा पीळ देता येईल हे स्लॉन्चेव्स्की आणि बर्गर या दोन शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितलं होतं. पण त्यांच्या मांडणीत करंट थरांना आरपार, उभा जातो. त्या तऱ्हेनं संगणकाची मेमरी बनते, चुंबकाचं तोंड वर किंवा खाली करणं म्हणजे तिच्यात लिहिणं. मात्र थरांच्या मधल्या १ नॅनोमीटरच्या इन्सुलेशनमधून दरवेळी लिहिण्याचा करंट न्यावा लागतो आणि ते झिजतं. इन्सुलेशन झिजणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या मुलीच्या मांडणीत करंट खालून आडवा जातो, इन्सुलेशनला हात लागत नाही. प्लॅटिनम, कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड हेच तीन थर घेऊन मिरॉन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे करून दाखवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत कॉर्नेलमध्ये टँटॅलम वापरून झालं, आणि टँटॅलममध्ये वरच्या-खालच्या स्पिनची वाटणी प्लॅटिनमच्या बरोबर उलटी असते. म्हणून तोच करंट तिथे उलट निकाल देतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा स्वतःच्या आलेखात दिसली त्या रात्री झोप आली नव्हती.

उष्णतेचं. तुमचे ४ लाख बरोबर आहेत (थोडा करंट कोबाल्टमधूनही जातो, पण ते सोडा). सबमर्सिबल कोरडी चालवली तर काही मिनिटांत जळते, आणि तीच मोटर बोअरच्या पाण्यात वर्षानुवर्षं चालते. इथे पाण्याचं काम सिलिकॉन करतो. पट्टी इतकी पातळ की तिच्यातला कुठलाही अणू सिलिकॉनपासून फार लांब नाही, उष्णता लगेच खाली उतरते. आणि करंट सतत नसतो, छोटे ठोके देतात. तरी पट्टी तापते, आणि तापल्यानं कोबाल्ट थोडा सोपा उलटतो. अहवालात ते लिहावं लागतं.

आता बाजूचं चुंबक. वर तोंड असलेल्या कोबाल्टला स्पिनचा पीळ आडवा पाडतो, पट्टीच्या रुंदीच्या दिशेनं. इथपर्यंत करंटचं काम. मग ठोका संपला. आडवं पडलेलं चुंबक आता उठणार, पण वर उठू की खाली? दोन्ही बाजू त्याला सारख्याच जवळच्या.

हे डोळ्यांनी पाहायचं तर असं करा. कोबाल्टचं चुंबक म्हणजे टेबलावर आडवा ठेवलेला एक वेढा समजा, करंट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरतोय, म्हणजे तोंड वर. पट्टीच्या लांबीला समांतर, तिच्या कडेला एक आरसा उभा करा. आरशात पट्टीचा करंट त्याच दिशेनं जाताना दिसेल, काही बदल नाही. पण वेढा घड्याळासारखा फिरताना दिसेल, म्हणजे तोंड खाली. पट्टी तीच, करंट तोच, आणि एकीकडे वर, दुसरीकडे खाली. निसर्गाला या दोघांत निवडायला कारणच उरत नाही. नमुना कितीही चांगला बनवा, एकट्या करंटला हे ठरवता येणार नाही.

आता पट्टीच्या लांबीच्या दिशेनं क्षेत्र देणारं चुंबक ठेवा. तेही वेढाच समजा, अक्ष पट्टीला समांतर. आरशात तोही उलटा फिरतो. म्हणजे आरशातली आणि बाहेरची स्थिती आता सारखी राहिली नाही. बस्स, एवढाच फरक लागतो. हे क्षेत्र काही मिलिटेस्लांपासून त्याच्या दहापटीपर्यंत लागतं, नमुन्यागणिक.

वाशीमचा शाळामास्तर

वाचून आनंद झाला. दहावीला ओर्स्टेडचा १८२० चा प्रयोग शिकवतो, तारेजवळ होकायंत्राची सुई वळते तो. मुलं दरवर्षी विचारतात की सर, तारेला वेढे न देता सुई पूर्ण उलटी करता येईल का, आणि मी नाही म्हणत आलो. या वर्षी उत्तर बदलावं लागेल.

एक शंका. यात करंट आहे म्हणजे उष्णता आली. नुसत्या व्होल्टेजनं, कपॅसिटरच्या प्लेटसारखं, करंट जवळपास न वाहता चुंबक वळवता येतं का?

देवळीची, प्लॅटिनमवाली

सर, त्यावरही काम चालू आहे. लोखंडाच्या अगदी पातळ थरावर मॅग्नेशियम ऑक्साइड ठेवून व्होल्टेज दिलं तर सीमेवरच्या अणूंतली इलेक्ट्रॉनची मांडणी किंचित बदलते आणि चुंबकाला उभं धरून ठेवणारी पकड ढिली किंवा घट्ट होते. हे २००९ मध्ये जपानमध्ये दाखवलं गेलं. पण पकड ढिली झाल्यानं दिशा ठरत नाही. नॅनोसेकंदापेक्षाही लहान ठोका देऊन, चुंबक भोवरत अर्ध्या फेरीला आलं की व्होल्टेज काढून घ्यायचं. वेळ थोडी चुकली की चुंबक परत जागेवर. तीच दिशेची अडचण, वेगळ्या रूपात.

हॉलबार

काका, ताईंनी सांगितलेलं तत्त्व पक्कं आहे. पण मुलीच्या ५ मायक्रोमीटरच्या पट्टीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती तिला ठाऊक असावी. एवढ्या मोठ्या पट्टीतलं चुंबक एकदम आडवं पडून एकदम उठत नाही. कडेला किंवा एखाद्या दोषापाशी लहानसा तुकडा आधी उलटतो आणि तिथून पसरत जातो. म्हणूनच तिला कधी कधी अर्धा-अर्धा दिसतो.

उलटलेल्या आणि न उलटलेल्या भागाच्या मध्ये भिंतीसारखा पट्टा असतो, त्यात चुंबकत्वाचं तोंड हळूहळू फिरत जातं. प्लॅटिनम-कोबाल्टच्या सीमेमुळे या भिंती एकाच हाताच्या असतात, सगळ्या उजव्या किंवा सगळ्या डाव्या. नुसता करंट सोडला तर उलटलेल्या तुकड्याच्या पुढची आणि मागची, दोन्ही भिंती एकाच दिशेनं सरकतात. तुकडा पुढे जातो, मोठा होत नाही. लांबीच्या दिशेनं बाहेरचं क्षेत्र पुरेसं दिलं की एका भिंतीच्या आतली दिशा पलटते, दोन भिंती एकमेकींपासून दूर जाऊ लागतात, आणि तुकडा पसरत पूर्ण पट्टी व्यापतो. म्हणजे इथेही निकाल तोच: त्या क्षेत्राशिवाय काही ठरणार नाही.

मुलीला एवढं करायला सांगा. बाजूचं चुंबक फिरवून त्याची दिशा उलटी करायची आणि तेच करंटचे ठोके पुन्हा द्यायचे. आलेख बरोबर उलटा यायला पाहिजे, आधी ज्या करंटनं वर जात होतं त्यानंच आता खाली. आला तर ज्यानं नमुना खराब म्हटलं त्याला दुसरं काही दाखवायची गरज नाही. वाचायचा करंट, म्हणजे तोंड वर आहे की खाली हे तपासायचा, मात्र लहान ठेवा, लिहिण्याच्या करंटच्या फार खाली, नाहीतर वाचतानाच चुंबक हलतं. आणि ठोका दिल्यावर पट्टी थंड व्हायला क्षणभर थांबून मगच वाचा. माझे पहिले दोन महिने ही साधी गोष्ट न पाळल्यानं वाया गेले.

बाहेरचं चुंबक चिपमध्ये कोणालाच नको आहे, त्यामुळे ते घालवण्याचे मार्ग शोधले गेलेत. वरचा ऑक्साइड पाचरीसारखा, एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड करायचा, हे २०१४ मध्ये झालं. किंवा शेजारी प्लॅटिनम-मँगनीजसारखा प्रतिलोहचुंबकी थर ठेवायचा, ज्याचं स्वतःचं चुंबकत्व बाहेर दिसत नाही पण लागून असलेल्या थराला तो आतून कायमचा हलका रेटा देतो. ते २०१६ चं काम.

वाइंडिंगवाला, आर्णी

ताई, सर, भाऊ, तिघांचेही मनापासून आभार. उत्तर उशिरा देतो, कारण आधी पोरीशी बोलायचं होतं आणि मग जे सुचलं ते तपासून पाहायचं होतं.

तुमचा आरसा मी खरंच करून पाहिला. दुकानातला दाढीचा आरसा टेबलावर उभा केला, पुढ्यात तांब्याच्या तारेचा एक वेढा ठेवला आणि बोट फिरवून पाहिलं. बोट उलटं फिरताना दिसलं. तेव्हा डोक्यात एकदम दुसरीच गोष्ट आली, आणि ती मी रोज हाताळतो.

सिंगल फेज मोटर. तिच्यात दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. स्टार्टिंगची तार तुटली किंवा कपॅसिटर गेला की मोटर लाइन दिल्यावर नुसती गुणगुणते. करंट भरपूर ओढते, तापते, पण फिरत नाही. मग शेतकरी शाफ्टला हातानं झटका देतो. डावीकडे दिला तर डावीकडे पळते, उजवीकडे दिला तर उजवीकडे, आणि दोन्हीकडे तेवढीच जोरात. रनिंग वाइंडिंगमध्ये ताकद सगळी आहे, दिशा नाही. दिशा देतं ते बारीक तारेचं स्टार्टिंग. अशी गुणगुणणारी मोटर माझ्याकडे आली तर रनिंग वाइंडिंग जळालं असं मी कधी म्हणत नाही. आधी कपॅसिटर तपासतो. आणि माझ्या पोरीच्या नमुन्याला लोक खराब म्हणत होते.

मी तिला फोनवर हेच सांगितलं, की तुझा करंट म्हणजे रनिंग आणि ते बाजूचं चुंबक म्हणजे स्टार्टिंग. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी विचारलं, मोटरमध्ये स्टार्टिंगची दोन टोकं पालटली तर दिशा उलटते. रनिंगची पालटली तरी उलटते. पण दोन्ही पालटली तर मोटर पहिल्याच दिशेनं फिरते. तुझ्या तिथं असंच आहे का? ती म्हणाली, करून पाहते जी.

काल संध्याकाळी तिनं चारही पाठवले. करंट सुलटा-चुंबक सुलटं, मग एक-एक पालटून, मग दोन्ही पालटून. पहिला आणि शेवटचा निकाल एकच, मधले दोन त्याच्या उलट. हॉलबार भाऊंनी सांगितलेला उलटा आलेख त्यातच आला. मोबाईलवर नीट दिसेना म्हणून झेरॉक्सवाल्याकडून चारही मोठे काढून आणले. कनेक्शनचा तक्ता भिंतीवर लावलाय, त्याच्याखाली चिकटवले आहेत.

आता एकच विचारायचं राहिलं. पाचरीसारख्या थराचं वाचलं तेव्हा मला जुन्या कूलरच्या पंपाची मोटर आठवली, शेडेड पोलची. तिच्यात स्टार्टिंग वाइंडिंग नसतंच. पोलच्या एका कोपऱ्याला तांब्याचं कडं बसवलेलं असतं आणि तेवढ्यानं दिशा ठरते. पण मग ती मोटर जन्मभर एकाच दिशेनं फिरते, टोकं पालटून काही होत नाही. पाचरीच्या थराचं तसं होतं का? चुंबक एकाच बाजूला जाऊन बसलं तर त्याच्यावर लिहिणार काय?

देवळीची, प्लॅटिनमवाली

काका, नाही होत तसं. शेडेड पोलला एसी मिळतो, त्यात करंट स्वतःच दोन्हीकडे जातो, म्हणून टोकं पालटून फरक पडत नाही. इथे ठोका डीसीचा आहे. पाचर बाजूच्या चुंबकाची जागा घेते आणि तेवढीच कायमची पक्की होते. करंट आपल्या हातातच राहतो: सुलटा दिला की वर, उलटा दिला की खाली. तुमच्या चार आलेखांपैकी चुंबक न पालटता काढलेले दोन तेवढे पाचरीत मिळतील, बाकीचे दोन मिळवायचे तर पाचर दुसऱ्या कडेला उतरती करून नवा नमुना बनवावा लागेल.

मुलीला सांगा, ते चारही आलेख अहवालात एकाच पानावर टाक. आणि त्यांच्या शेजारी तुमच्या मोटरचं कनेक्शनही काढायला सांगा.